विंगेतल्या माणसालाही शाळा हवी

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : नाट्यशिक्षणात अभिनयाबरोबर रंगमंच तंत्राच्या रीतसर प्रशिक्षणाची सोय करण्याबाबत

महोदय,

नाट्यशाळेत दोन प्रकारची माणसे घडावी लागतात. एक, प्रेक्षकांसमोर उभी राहणारी. दुसरी, प्रेक्षकांच्या दृष्टीला न पडता सगळा प्रयोग पेलणारी. महाराष्ट्रात पहिल्यांच्या शिक्षणाची सोय गेल्या पन्नास वर्षांत बऱ्यापैकी झाली. नेपथ्य लावणारे, प्रकाश चालवणारे, कपडेपट सांभाळणारे, रंगभूषा करणारे, रंगमंच व्यवस्था पाहणारे यांची सोय मात्र जवळजवळ झालेलीच नाही. ही माणसे विंगेत उभी राहून, जुन्यांचे पाहून, चुकत आणि कधी जायबंदी होत शिकतात. जे राज्य 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करते आणि 1954 पासून हौशी नाटकांची राज्य स्पर्धा स्वतः भरवते, त्या राज्यात ही उणीव दूर करण्याचे काम सांस्कृतिक कार्य विभागाकडेच येते.

अभिनय वेगळा आणि तंत्र वेगळे, ही फारकत इथल्या परंपरेत मुळात नव्हती. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. त्यांतल्या आहार्यात वेश, रंग, अलंकार आणि रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू येतात, म्हणजे आज ज्याला बॅकस्टेजचे काम म्हटले जाते ते भरताने अभिनयाच्याच पोटात धरले. ग्रंथाच्या शेवटाकडे नाटकमंडळीत कोणकोण असावे याची यादी येते. तीत सूत्रधार आणि नटांच्या जोडीने मुकुट करणारा, दागिने घडवणारा, माळा गुंफणारा, चित्रकार आणि कपडे रंगवणारा यांनाही जागा आहे.

संगीत नाटकांच्या काळात मंडळी हीच शाळा होती. मुलगा लहान वयात मंडळीत यायचा, बिऱ्हाडातच राहायचा, गाण्याची तालीम घ्यायचा, नक्कल पाठ करायचा आणि पडेल ते काम करायचा. पडद्यांची निगा, पेट्यांची बांधाबांध, रंगाचे डबे हे सगळे त्याच्या डोळ्यांसमोर चाले. त्या मंडळ्यांनी तंत्रातले मोठे कलावंतही घडवले. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगवले आणि त्या हातांनीच पुढे मराठी चित्रपटाचा पाया घातला. ललितकलादर्श मंडळीच्या देखाव्यांमागे पु. श्री. काळे यांच्यासारखा चित्रकार उभा होता. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ आला, बोलपट रुजला आणि एकेक मंडळी बंद पडत गेली. पुढच्याच वर्षी नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले आणि वास्तववादी नेपथ्याचे वारे सुरू झाले. म्हणजे तंत्र अवघड होऊ लागले नेमके त्याच सुमारास ते शिकवणारी निवासी व्यवस्था मोडली. पुढे निर्माता नाटकापुरती माणसे जमवू लागला. त्या माणसांना शिकवायचे कोणी, हा प्रश्न तेव्हापासून तसाच पडून आहे.

अभिनयाच्या बाजूने उत्तर मिळाले. 1959 साली दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झाले. पुण्यात जन्मलेले, लंडनच्या राडा या संस्थेत शिकलेले आणि मुंबईत नाटके केलेले इब्राहिम अल्काझी 1962 ते 1977 या काळात तिथे संचालक होते. त्यांनी विद्यालयाला जी शिस्त लावली तिचे मर्म हेच की, नटाने खिळा ठोकायला शिकावे आणि नेपथ्यकाराने संहिता वाचायला. मेघदूत हे खुले नाट्यगृह त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून उभे केले. रोहिणी हट्टंगडींसारखी अभिनेत्री आणि कमलाकर सोनटक्के, जयदेव हट्टंगडी, वामन केंद्रे यांच्यासारखे दिग्दर्शक या विद्यालयातून आले. सोनटक्के यांनी औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यविभाग घडवला. केंद्रे यांनी 2003 साली मुंबई विद्यापीठात नाट्यकला अकादमी उभी केली. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र 1987 पासून चालू आहे आणि सतीश आळेकरांनी अनेक वर्षे त्याची धुरा वाहिली. पणजीत कला अकादमीच्या आधाराने नाट्यशिक्षण रुजले. या सर्व ठिकाणी नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा हे विषय शिकवले जातात आणि काही ठिकाणी फार चांगले शिकवले जातात. पण तंत्र हा तिथे एक विषय असतो, तंत्रज्ञ घडवणे हे उद्दिष्ट क्वचितच असते. विद्यार्थी नट किंवा दिग्दर्शक व्हायला येतो आणि प्रकाशाची परीक्षा देऊन पुढे जातो.

शेजारच्या चित्रपटमाध्यमाकडे पाहिले की फरक लगेच डोळ्यांत भरतो. पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी यांचे स्वतंत्र, पूर्ण अभ्यासक्रम आहेत. तिथला छायाचित्रकार हा दिग्दर्शनाचा नापास विद्यार्थी मानला जात नाही. नाटकाच्या प्रकाशयोजनेला आणि रंगमंच व्यवस्थेला महाराष्ट्रात असे स्थान अजून नाही. अल्काझी जिथे शिकले त्या राडामध्ये आज अभिनयाचे आणि रंगमंच तंत्राचे विद्यार्थी एकाच छपराखाली शिकतात. संस्थेच्या नाटकात भूमिका पहिले करतात, आणि प्रयोग चालवतात दुसरे. दोघांचीही ती परीक्षाच असते. महाराष्ट्रात आणायची ती हीच रचना.

नटाच्या शिक्षणाचे मुख्य भाग ठरलेले आहेत. श्वास आणि आवाज, उच्चार आणि शब्दफेक, शरीराची लवचीकता, उत्स्फूर्त अभिनय, संहितेचे वाचन, भूमिकेचा अभ्यास. रशियन रंगकर्मी स्तानिस्लाव्स्कीचे अभिनयविचार के. नारायण काळे यांच्या ‘अभिनयसाधना’मुळे मराठीत पूर्वीच आले. आवाजाच्या बाबतीत मात्र एक सुटलेला धागा आहे. आता रंगमंचावर लोंबते आणि अंगावरचे माइक सर्रास वापरले जातात, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची मेहनत विद्यार्थ्यांना अनावश्यक वाटू लागली आहे. ती अनावश्यक नाही. माइक आवाज मोठा करतो. अर्धवट उच्चारलेला जोडाक्षरी शब्द तो स्पष्ट करू शकत नाही, आणि वाक्याच्या शेवटी पडणारा श्वासही भरून काढत नाही.

याशिवाय नटाला रंगमंचाचे तंत्र कळावे लागते आणि ते पुस्तकातून कळत नाही. नेपथ्यातला दरवाजा घ्या. तो घरातल्यासारखा भिंतीत बसवलेला नसतो. लाकडी चौकटीवर कापड किंवा प्लाय ठोकून केलेल्या फ्लॅटला तो जोडलेला असतो आणि त्या फ्लॅटला मागून तिरपा आधार दिलेला असतो. रागाच्या प्रवेशात नटाने दार जोरात आपटले की घराची अख्खी भिंत थरथरते आणि प्रेक्षकाच्या मनातले घर तिथेच मोडते. ज्याने स्वतः फ्लॅट उभा केला आहे त्या नटाचा दुसरा हात आपोआप चौकटीवर जातो. तो राग आवाजात आणि खांद्यात ठेवतो, दाराचा वेग शेवटच्या क्षणी आवरतो. ब्लॅकआउटमध्ये विंगेत जाताना पावले मोजायची असतात. प्रकाशाचा तापलेला भाग कुठे आहे हे डोळे न वळवता गालावरच्या उष्णतेवरून ओळखायचे असते. हातातली वस्तू एक्झिटनंतर कुठेही न टाकता विंगेतल्या तिच्या टेबलावर ठेवायची असते, कारण पुढच्या अंकात तीच वस्तू दुसऱ्या नटाला अंधारात उचलायची असते. नटाला हे शिकवण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे. त्याला किमान एक पूर्ण सत्र बॅकस्टेजला काम करायला लावावे आणि त्या कामाला अभिनयाइतके गुण द्यावेत.

आता तंत्रज्ञांच्या शिक्षणाकडे. त्याचा कणा रंगमंच व्यवस्था हा आहे, आणि नेमके तेच मराठी रंगभूमीवर सर्वांत कमी शिकवले जाते. व्यवस्थापकाकडे प्रयोगाची एक वही असावी लागते. एका पानावर संहिता, समोरच्या पानावर हालचाली, प्रकाशाचे, संगीताचे, पडद्याचे आणि नेपथ्यबदलाचे क्यू म्हणजे इशारे, प्रत्येकाला क्रमांक, आणि प्रत्येकाच्या आधी ‘तयार’ची खूण. प्रयोग चालू असताना व्यवस्थापक ती वही समोर ठेवून क्यू देतो आणि बाकीचे त्याच्या सांगण्यावर चालतात. मराठी व्यावसायिक नाटकात सहसा प्रकाश चालवणारा आणि पार्श्वसंगीत चालवणारा संवाद ऐकून आपापला क्यू स्वतःच घेतात. त्यांच्यातले अनेक इतके तरबेज असतात की नटाने वाक्य गाळले तरी ते सावरून घेतात. हे कसब थक्क करणारे आहे. पण ते एकाच माणसाच्या डोक्यात राहते. तो आजारी पडला की दौऱ्यावर निघालेल्या नाटकाची तारांबळ होते, आणि तो निवृत्त झाला की त्या नाटकाचे अर्धे आयुष्य त्याच्याबरोबर जाते. लिहून ठेवलेली वही असती तर मराठीतल्या मोठ्या नाटकांचे प्रयोग नेमके कसे होत हे आज अभ्यासता आले असते.

प्रकाशाच्या शिक्षणात कलेआधी वीज येते. 1000 वॅटचा एक दिवा 230 व्होल्टवर सुमारे 4.3 अँपिअर प्रवाह घेतो. 15 अँपिअरच्या सॉकेटवर असे तीन दिवे नीट चालतात. चौथा लावला की भार 17 अँपिअरच्या वर जातो. फ्यूज योग्य असेल तर तो जळू शकतो आणि रंगमंच काळोखात जाऊ शकतो. फ्यूजच्या जागी कोणी जाड तार गुंडाळली असेल तर केबल तापते. उरलेली केबल वेटोळे करून ठेवली तर उष्णता आतच कोंडते आणि आवरण वितळू लागते. हा हिशेब शाळेतल्या गुणाकाराइतका सोपा आहे, पण तो ज्याला कोणी शिकवलेला नाही त्याला तो माहीत असेलच असे धरून चालता येत नाही. एलईडी दिव्यांनी भार खूप कमी केला. त्याबरोबर नवे ज्ञान आवश्यक झाले. आता दिवे डीएमएक्स या पद्धतीने नियंत्रित होतात. एका जोडणीवर 512 वाहिन्या असतात आणि प्रत्येक दिव्याला त्यांतला पत्ता द्यावा लागतो. पत्ता चुकला की दुसऱ्याच कोपऱ्यात प्रकाश येतो. हे शिकल्यावर मग कला सुरू होते : कोणत्या कोनातून आलेला प्रकाश चेहऱ्याला वय देतो, फेड किती सेकंदांत केला तर संध्याकाळ वाटते.

रंगभूषा आणि वेशभूषा यांचा प्रकाशाशी संबंध इतका घट्ट आहे की त्या वेगळ्या शिकवूच नयेत. गालावरची लाली तांबड्या प्रकाशात नाहीशी होते आणि हिरव्या प्रकाशात काळसर डागासारखी दिसते. वेशभूषेत सौंदर्यदृष्टीइतकेच महत्त्व घाईच्या बदलाला असते; दोन प्रवेशांमधल्या मिनिटाभरात नऊवारी बदलायची तर ती आधीच शिवून, बंद लावून तयार ठेवावी लागते. पगडी, फेटा, उपरणे, नऊवारीचे प्रांतोप्रांतीचे प्रकार, दशावताराची रंगभूषा, रंगवलेले पडदे हे मराठी रंगभूमीचे स्वतःचे ज्ञान आहे. बाहेरचा कोणताही अभ्यासक्रम ते देणार नाही, म्हणून ते इथेच शिकवायला हवे आणि ज्यांना येते त्यांच्या हयातीत शिकवायला हवे.

नेपथ्याच्या बाबतीत महाराष्ट्राची अडचण वेगळी आहे. इथले व्यावसायिक नाटक फिरते असते. सेट टेम्पोतून जातो, सकाळी एका गावी आणि रात्री दुसऱ्या गावी लागतो, आणि एकाच नाट्यगृहात दुपारचे नाटक संपून रात्रीचे लागायच्या मध्ये थोडकेच तास मिळतात. दामू केंकरे, मोहन वाघ, रघुवीर तळाशीलकर, बाबा पार्सेकर यांनी या अडचणीतूनच देखणे आणि घडीचे नेपथ्य घडवले. प्रत्येक नाट्यगृहाच्या रंगमंचाची रुंदी, खोली आणि विंगेतली जागा वेगळी असल्याने लावणाऱ्याला जागेवर निर्णय घ्यावे लागतात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तर रंगमंचच त्या रात्रीपुरता उभा राहतो. वडसा परिसरातून निघणारी मंडळी दिवाळीनंतरच्या हंगामात रात्ररात्र नाटके करतात. उघड्या शिवारात मंडप, वीज प्रसंगी जनरेटरची, समोर हजारोंचा समुदाय. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीची देशाने दखल घेतली. तिथल्या तंत्रज्ञाला मुंबईच्या तंत्रज्ञापेक्षा अधिक प्रशिक्षणाची गरज आहे आणि त्याच्याजवळ ते देणारी जागा नाही.

सुरक्षेचा मुद्दा सर्वांत तातडीचा. 1915 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेले आणि पुढे गायक-नट केशवराव भोसल्यांच्या नावाने ओळखले गेलेले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जुन्या लाकडी कामाच्या नाट्यगृहात आग किती वेगाने पसरते हे त्या रात्री सगळ्यांनी पाहिले. लाकूड, कापड, मखमल, रंग आणि तापलेले दिवे हे सगळे रंगमंचावर एकमेकांना खेटून असतात. म्हणून आग विझवण्याचे कोणते साधन विजेच्या आगीवर चालते, मुख्य स्विच कुठे आहे, कापडावर अग्निरोधक प्रक्रिया कशी करतात, प्रेक्षागृह कोणत्या क्रमाने रिकामे करायचे, हे प्रत्येक रंगमंच कामगाराला पाठ असले पाहिजे. उंच शिडीवर चढून दिवा फिरवणाऱ्याच्या कमरेला पट्टा आणि खाली शिडी धरायला माणूस हवा. अंधारातल्या पायऱ्यांच्या कडेला रेडियमची पट्टी हवी. एवढ्या गोष्टींना फार खर्च येत नाही. त्या सवयीच्या व्हाव्या लागतात आणि सवय शाळेत लागते.

रीतसर शिक्षण नसल्याचा फटका कमाईलाही बसतो. रंगमंच कामगाराला प्रयोगामागे ‘नाईट’, म्हणजे त्या प्रयोगापुरता मेहनताना, मिळते. प्रयोग नसेल त्या दिवशी काहीच नाही. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहे बंद झाली तेव्हा ही सारी माणसे एका दिवसात उत्पन्नाविना राहिली. वीस-वीस वर्षे प्रकाश चालवलेल्या माणसाकडे ते सिद्ध करणारा कागद नसतो. त्यामुळे शाळा, सभागृहे, संग्रहालये, महोत्सव अशा जिथे त्याचे कौशल्य कामी आले असते तिथे त्याला अर्जही करता येत नाही. स्त्रियांसाठी तर हे दार आणखी अरुंद आहे. ओळखीने आणि दौऱ्यांवर शिकण्याच्या पद्धतीत मुलींना प्रवेश मिळणे कठीण. वर्गात, वेळापत्रकात आणि सुरक्षित वातावरणात शिकण्याची सोय झाली तर त्या प्रकाश, ध्वनी आणि व्यवस्था या तिन्ही क्षेत्रांत मोठ्या संख्येने येतील.

या सगळ्यासाठी नवी भव्य इमारत नको. लागणाऱ्या बहुतेक गोष्टी शासनाजवळ आहेत, फक्त त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री, तारतंत्री, सुतारकाम, शिवणकाम शिकवले जाते. तिथल्या विद्यार्थ्याला रंगमंचाचे सहा महिन्यांचे जोडशिक्षण दिले तर पक्क्या पायाचा रंगमंच तंत्रज्ञ तयार होतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतन देऊन उमेदवार नेमता येतात. नगरपालिका आणि महानगरपालिकांची नाट्यगृहे ही त्यासाठी तयार कार्यशाळाच आहेत. शिक्षकांचीही अडचण पडू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट मोकळी केली, तिच्यामुळे पदवी नसलेल्या पण हातात कसब असलेल्या ज्येष्ठ तंत्रज्ञांना विद्यापीठात शिकवता येते. आज काम करत असलेल्यांना पुन्हा पहिलीपासून बसवण्याचे कारण नाही. कौशल्य विकास योजनांमध्ये पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे, ती रंगमंच कामगारांना लागू करावी.

म्हणून शासनाला अशी विनंती आहे की, पुढील शैक्षणिक वर्षापासून मुंबई, पुणे आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांच्या नाट्यविभागांत रंगमंच तंत्राचा दोन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू करावा आणि चौथे केंद्र झाडीपट्टीसाठी वडसा किंवा गडचिरोलीत उघडावे. अभिनयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला बॅकस्टेजचे एक सत्र सक्तीचे करावे. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या नाट्यशिबिरांत सुरक्षेचा एक पूर्ण दिवस ठेवावा. राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना आणि रंगभूषा यांच्या जोडीने रंगमंच व्यवस्थेलाही पारितोषिक द्यावे, आणि अनुदान घेणाऱ्या नाट्यगृहात किमान एक प्रशिक्षित रंगमंच तंत्रज्ञ कायम नेमणुकीवर असावा, अशी अट घालावी. रंगमंच कामगारांच्या संघटना, निर्माते आणि विद्यापीठे यांना एकत्र बोलावून या अभ्यासक्रमाचा आराखडा ठरवणारी समिती शासनाने याच वर्षी नेमावी, ही आग्रहाची विनंती.